स्वस्त कॅमेऱ्याची कुळकथा

दर वर्षीं जून महिन्यांत कॉलेज उघडलें कीं एक प्रश्न आमच्या दारीं हटकून येतो. कोणा विद्यार्थिनीचे वडील रस्त्यांत गांठतात, कोणा शेजाऱ्याचा मुलगा ओट्यावर येऊन उभा राहतो, आणि विचारतो, "सर, फोटो काढायला शिकायचंय. पैसे बेताचे आहेत. कुठला कॅमेरा घेऊं?" आमचा विषय इतिहास. कॅमेऱ्यांचें दुकान आम्हीं कधीं मांडलें नाहीं, आणि छायाचित्रकार म्हणून आमची ख्याति घराच्या उंबरठ्याबाहेर गेलेली नाहीं. तथापि जुनीं छायाचित्रें हीं इतिहासाच्या अभ्यासकाचीं साधनें असल्यामुळें तीं कोणीं, कोणत्या यंत्रानें आणि किती पैसे खर्चून घेतलीं, याची चौकशी करण्याची खोड आम्हांस जडली आहे. त्या चौकशीवरून आमची अशी समजूत झाली आहे कीं, वरील प्रश्नाचें उत्तर दुकानदाराच्या आंकड्यांपेक्षां स्वस्त कॅमेऱ्याच्या इतिहासांत अधिक स्पष्टपणें सांपडतें. म्हणून येणाऱ्यास आम्ही आधीं चहा देतों आणि मग एका बँकेंतील कारकुनाची हकीकत सांगतों.

त्या कारकुनाचें नांव जॉर्ज ईस्टमन. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर गांवीं तो नोकरीस होता. इ. स. १८७७ सालीं, वय तेवीस वर्षांचें असतां, त्यानें सँटो डोमिंगोच्या प्रवासाचा बेत केला. आणि प्रवासाचीं चित्रें आपणच घ्यावीं अशी कोणीं सूचना केल्यावरून सुमारे ९४ डॉलर मोजून छायाचित्रणाचें सामान खरेदी केलें. तें सामान म्हणजे लहानसा संसारच होता. भलीमोठी लांकडी पेटी, तिला पेलणारी तिवई, कांचा, कांच बुडविण्याची टांकी, रसायनांच्या बाटल्या, आणि अंधार करण्यासाठीं तंबू! त्या काळीं कांचेवर कलोडियनचा लेप देऊन, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवून, ओली असतांनाच तिच्यावर चित्र घ्यावें लागे, व ती वाळण्यापूर्वींच धुऊन काढावी लागे. हें सर्व शिकण्यासाठीं ईस्टमननें आणखी पांच डॉलर देऊन शिकवणी लावली. प्रवासाचा बेत पुढें बारगळला. पण सामानाचा भार मात्र त्याच्या मनावरून उतरला नाहीं. स्वस्त कॅमेऱ्याचा जनक हा असा एक त्रासलेला नवशिका होता, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

ईस्टमनपूर्वीं हा छंद कोणाचा होता, हें पाहण्यास फार दूर जावयास नको. डागेर याची कृति पॅरिस येथें १८३९ सालीं जाहीर झाली, आणि मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, म्हणजे आमच्याकडे ही विद्या आली ती कांहीं उशिरानें आली असें म्हणतां येणार नाहीं. परंतु तिचे उपासक कोण? सरकारी अंमलदार, लष्करी अधिकारी, व्यापारी, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे थोडे विद्वान गृहस्थ. ज्याच्यापाशीं पैसा, रिकामा वेळ व रसायनांचें ज्ञान हीं तिन्ही असत, त्यानेंच या वाटेस जावें. बाकीच्यांनीं नटूनथटून चित्रशाळेंत जावें आणि मान न हालवितां बसावें.

बँकेंतून सुटल्यावर ईस्टमन आईच्या स्वयंपाकघरांत रात्र रात्र प्रयोग करी. ओल्या कांचेऐवजीं आधींच लेप देऊन वाळविलेली कांच वापरण्याची युक्ति १८७१ सालीं इंग्लंडांत मॅडॉक्स या डॉक्टरानें दाखविली होती. ईस्टमननें अशा कांचांचा कारखाना काढला, पुढें कांच टाकून गुंडाळी स्वीकारली, आणि १८८८ सालीं 'कोडॅक' या नांवाची एक लहान पेटी बाजारांत आणली. किंमत २५ डॉलर. आंत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली. शंभर चित्रें संपलीं म्हणजे ती पेटी जशीच्या तशी रॉचेस्टरला पाठवावयाची. दहा डॉलरांत चित्रें छापून व नवी गुंडाळी भरून ती परत येई. चित्रें अडीच इंच व्यासाचीं, वाटोळीं. गिऱ्हाइकानें कळ तेवढी दाबावी, बाकीचें आम्ही पाहून घेऊं, अशा आशयाची त्यांची जाहिरात होती, व तींत अतिशयोक्ति मुळींच नव्हती. पंचवीस डॉलर ही रक्कम मात्र कामकऱ्याच्या आवांक्याबाहेरची होती.

ती अडचण दूर झाली फेब्रुवारी १९०० मध्यें. त्या महिन्यांत 'ब्राउनी' निघाली. फ्रँक ब्राउनेल यानें आंखलेली ही पेटी पुठ्ठ्याची होती. पामर कॉक्स या चित्रकाराच्या मुलांच्या पुस्तकांतील खट्याळ भुतांचें नांव तिला दिलें होतें. किंमत अवघा एक डॉलर, आणि सहा चित्रांची फिल्म पंधरा सेंटांस! पहिल्या वर्षांतच दीड लाखाहून अधिक पेट्या खपल्या. शाळकरी मुलांच्या हातीं कॅमेरा गेला, तो तेव्हांपासून.

येथें थोडें थांबून आपण त्या पुठ्ठ्याच्या पेटींत डोकावून पाहूं. कारण आमच्या प्रश्नकर्त्यास जें सांगावयाचें आहे तें सारें तींत आहे. एक डॉलरांत ही वस्तु कशी देतां आली? कारखाना मोठा होता म्हणून, हें खरें. पण तेवढ्यानेंच नव्हे. पेटीला भिंग एकच, साधें. प्रकाश आंत सोडणारी झडप एकाच वेगाची. अंतर जुळविण्याची सोय नाहीं. वास्तविक चित्र घेणाऱ्यास तीन निर्णय घ्यावे लागतात: भिंगाचें छिद्र किती उघडावें, झडप किती वेळ उघडी ठेवावी, आणि किती अंतरावरील वस्तु रेखीव यावी. ब्राउनींत हे तिन्ही निर्णय रॉचेस्टरच्या कारखान्यांत आधींच घेऊन टाकलेले होते. छिद्र बारीक ठेविलें, म्हणजे कांहीं पावलांपासून क्षितिजापर्यंत सर्व कांहीं बऱ्यापैकीं स्पष्ट उमटतें. फिल्म अशी केली कीं प्रकाश थोडा कमीअधिक पडला तरी चित्र हातचें जात नाहीं. आणि छापाचा आकार फिल्मएवढाच, सव्वादोन इंच, ठेविला, म्हणजे उरलासुरला अंधुकपणा डोळ्यांस जाणवत नाहीं. ज्याला हे निर्णय मान्य असतील, म्हणजे जो उन्हांत, सूर्याकडे पाठ करून, पांचसात पावलांवर उभ्या असलेल्या माणसाचें चित्र घेईल, त्यास ती पेटी दगा देत नसे. संध्याकाळीं, घरांत किंवा धांवत्या बैलाचें चित्र घेऊं जाणारा फसे. तात्पर्य, स्वस्त कॅमेरा घेतांना मनुष्य पैसे वांचवितो तो आपल्या ठिकाणीं दुसऱ्यास निर्णय घेऊं देऊन. यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र ते निर्णय कोणते, हें घेणाऱ्यास ठाऊक असावें.

ठाऊक असल्यास त्या पेटींतूनहि विद्या मिळते. अमेरिकेचा विख्यात निसर्गचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यास १९१६ सालीं, चौदा वर्षांचा असतांना, योसेमिटीच्या खोऱ्यांत आईबापांनीं ब्राउनी दिली. एका जुन्या झाडाच्या खोडक्यावर चढून तो डोंगराचें चित्र घेत होता, तोंच खोडकें ढांसळलें. पडतां पडतां कळ दाबली गेली आणि चित्र उलटें निघालें. म्हातारपणींहि तें त्याचें आवडतें चित्र होतें. पुढें प्रकाशाच्या मोजमापांत ज्याच्या तोडीचा मनुष्य क्वचितच झाला, त्याचा आरंभ हा असा आहे.

जर्मनींत आग्फा कंपनीनें १९३२ सालीं याहून गमतीची युक्ति लढविली. एकेका मार्काचीं चार नाणीं द्या आणि कॅमेरा न्या. मात्र त्या नाण्यांवर टांकसाळीचीं अक्षरें ए, जी, एफ, ए अशीं असलीं पाहिजेत! घरोघर लोक नाणीं उलटीसुलटी करून पाहूं लागले असतील, यांत शंका नाहीं. पण व्यापाराच्या या कथा मोहक असल्या तरी आम्हांस त्यांहून मोलाचें वाटणारें उदाहरण आमच्या प्रांतांतील आहे. सेवाग्रामच्या आश्रमांत महात्माजींचे नातलग कनु गांधी यांस छायाचित्रें घेण्याची इच्छा झाली. आश्रमाचा पैसा या कामीं मिळणार नाहीं, हें महात्माजींनीं स्पष्ट सांगितलें. घनश्यामदास बिर्लांनीं शंभर रुपये दिले, त्यांत कॅमेरा आणि फिल्म आली. महात्माजींच्या आणखी दोन अटी होत्या: झगझगाटाचा दिवा वापरावयाचा नाहीं, आणि चित्रासाठीं अमुक प्रकारें बसा असें म्हणावयाचें नाहीं. सेवाग्रामच्या झोंपड्यांत उजेड किती येतो हें ज्यांनीं तेथें जाऊन पाहिलें असेल, त्यांस या अटींचा जांच कळेल. त्या काळची फिल्महि मंद. तरी १९४८ पर्यंत कनु गांधींनीं जीं चित्रें घेतलीं, त्यांत महात्माजी दुसऱ्या कोठेंहि न दिसणाऱ्या सहजपणें दिसतात. सज्ज होऊन बसलेला मनुष्य आणि कामांत गढलेला मनुष्य यांतील अंतर त्या चित्रांत उमटलें आहे. खिडकीपाशीं थांबावें, उजेड तोंडावर येईपर्यंत वाट पाहावी, हात स्थिर ठेवावा, हें शिक्षण त्यांस अटींनींच दिलें, असा आमचा तर्क आहे.

स्वातंत्र्यानंतर मध्यम स्थितींतील घरांत कॅमेरा आला तो बडोद्यास तयार होणाऱ्या 'आग्फा क्लिक थ्री'च्या रूपानें. बारा चौकोनी चित्रें, एकच वेग, आणि ढगाळ कीं ऊन एवढीच निवड. एका अर्थीं ती ब्राउनीची नातच. आमच्याहि घरीं ती होती. १९८१ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, आम्हीं तिनें आमच्या मातोश्रींचें एक चित्र घेतलें. त्या सातारच्या घराच्या ओसरीवर विळीवर भाजी चिरीत बसल्या आहेत. आम्ही हौसेनें फार जवळ गेलों, त्यामुळें त्यांचा चेहरा अंधुक आणि मागचें तुळशीवृंदावन मात्र रेखीव आलें आहे. वडील रागावले, कारण फिल्म वाया गेली. आज त्यांचीं चित्रशाळेंत काढलेलीं दोन चित्रें आहेत, त्यांत पदर नीट आहे, चेहरा स्पष्ट आहे, आणि त्या मात्र नाहींत.

अशा पेट्यांचें युग ज्या शोधानें संपविलें, तो शोध पुनः कोडॅकच्याच घरांत लागला. डिसेंबर १९७५ मध्यें स्टीव्हन सॅसन या तरुण एंजिनियरनें फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा तयार केला. वजन सुमारे साडेतीन किलो. चित्रांत ठिपके फक्त दहा हजार. तें कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत, व मग तें दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहावयाचें. कंपनीच्या पोटीं जन्मलेलें हें मूल कंपनीनें फारसें वाढविलें नाहीं, कारण तिची मिळकत फिल्ममध्यें होती. इतरांनीं तें वाढविलें. १९९५ सालीं कॅसिओनें पाठीवर पडदा असलेला कॅमेरा विकावयास काढला. २००३ सालीं कॅननचा भिंग बदलतां येणारा ६३ लाख ठिपक्यांचा कॅमेरा हजार डॉलरांच्या आंत आला. २०१० सालीं जगांत सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. कोडॅकनें जानेवारी २०१२ मध्यें न्यायालयाकडे दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि ज्यांनीं तिला मागें टाकलें, त्यांसहि मोबाइलनें सोडलें नाहीं. २०२० सालीं बारा कोटींचा तो आंकडा एक कोटीच्या खालीं आला होता.

आतां आमच्या शेजाऱ्याच्या मुलाकडे वळूं. त्याच्या खिशांत मोबाइल आहेच, मग कॅमेरा हवा कशाला? आमचें उत्तर वर येऊन गेलें आहे. ब्राउनीनें तीन निर्णय घेतले होते, आणि ते पेटीच्या वेष्टनावरून कोणासहि कळत. मोबाइल एका चित्रामागें किती निर्णय घेतो याची गणतीच नाहीं. तो एका दाबासरशीं अनेक चित्रें घेऊन तीं एकांत एक मिसळतो, काळोख उजळतो, कातडी गुळगुळीत करतो, आणि यांतलें कांहीं सांगत नाहीं. चित्र सुंदर येतें. पण तें सुंदर कां आलें हें काढणाऱ्यास कळत नाहीं, आणि बिघडलें तर कां बिघडलें हेंहि कळत नाहीं. ज्यास नुसतीं चित्रें हवीं त्यानें मोबाइलवर समाधान मानावें; त्यांत कमीपणा नाहीं. ज्यास शिकावयाचें आहे त्यानें वरील तीन निर्णय ज्या यंत्रांत स्वतः घेतां येतील असें यंत्र घ्यावें.

असें यंत्र नवें घेण्याची गरज नाहीं. दुकानदार मेगापिक्सेल मोजून दाखवितो, त्याकडे लक्ष देऊं नये. आठ इंच गुणिले दहा इंचांचा उत्तम छाप काढावयास सत्तरबहात्तर लाख ठिपके पुरतात, आणि पंधरा वर्षांपूर्वींच्या कॅमेऱ्यांतहि ते होते. लक्ष द्यावयाचें तें प्रकाश झेलणाऱ्या संवेदकाच्या आकाराकडे. खिशांत मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा तो जेमतेम सहा मिलिमीटर रुंद असतो. भिंग बदलतां येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत तेवीस-चोवीस मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलें तर दुसरा सुमारे तेरापट मोठा भरतो. पाऊस झेलण्यास वाटीपेक्षां परात बरी, इतकीच ही गोष्ट आहे. तेव्हां वापरलेला, आरसा असलेला, सोबतचें साधें भिंग असलेला कॅमेरा मध्यम प्रतीच्या नव्या मोबाइलहून कमी पैशांत मिळाल्यास निःशंक घ्यावा. पुढेंमागें पैसे सांठले तर ५० मिलिमीटरचें मोठ्या छिद्राचें भिंग घ्यावें, कारण स्वस्तांत स्वस्त आणि अंधाऱ्या घरांत उपयोगी असें तेंच आहे. घेण्यापूर्वीं भिंग उजेडासमोर धरून आरपार पाहावें. आमच्या पावसाळी हवेंत, विशेषतः कोंकणांत, कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती सहसा पुरती जात नाहीं. छिद्र बारीक करून पांढऱ्या भिंतीचें चित्र घेतलें म्हणजे संवेदकावरील डाग दिसतात. बॅटरी व चार्जर अजून बाजारांत मिळतो कीं नाहीं, हें विचारण्यास लाजूं नये.

वापरण्यासंबंधीं थोडेंच सांगावयाचें आहे. कळ दोन टप्प्यांची असते. अर्धी दाबून अंतर जुळूं द्यावें, मग पुरी दाबावी. नवशिक्यांचीं निम्मीं चित्रें बिघडतात तीं एकदम कळ दाबल्यामुळें. दिवा पहिले तीन महिने बंद ठेवावा; ही अट आमची नव्हे, सेवाग्रामची आहे. एका आठवड्यांत एकच निर्णय आपल्या हातीं घ्यावा, आणि बाकीचे यंत्रावर सोपवावे. आणि डिजिटल कॅमेऱ्याचें खरें देणें ओळखावें. आमच्या लहानपणीं चुकीची किंमत बारांतील एक चित्र एवढी होती, आणि ती कळावयास पंधरा दिवस लागत. आतां चूक फुकट आहे व तत्काळ दिसते. शिवाय प्रत्येक चित्राच्या पोटांत छिद्र, वेग आदि आंकडे आपोआप नोंदलेले असतात. पूर्वीं होतकरू माणसें हीच टिपणें वहींत लिहून ठेवीत. पण फुकट मिळालेली चूक कोणी पाहत नाहीं, असा अनुभव येतो. एका सहलींत सहाशें चित्रें काढून त्यांतील एकहि उघडून न पाहणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट आम्ही कळकळीनें सांगतों, कारण तिची किंमत आम्हीं मोजली आहे. २००९ ते २०११ या तीन वर्षांत घेतलेलीं घरचीं सारीं चित्रें संगणकाची चकती बंद पडून एका दुपारीं नाहींशीं झालीं. त्यांत मातोश्रींचीं अखेरचीं वर्षें होतीं. १९८१ ची निगेटिव्ह मात्र बिस्किटांच्या डब्यांत सुखरूप आहे. तेव्हां चित्रांच्या दोन प्रती, त्याहि दोन घरांत, ठेवाव्या, आणि वर्षाकांठीं दहाबारा तरी कागदावर छापून घ्याव्या.

गेल्या दिवाळींत शेजारची एक मुलगी आपला जुना, दुसऱ्या हाताचा कॅमेरा घेऊन आली. देवापुढच्या समईच्या उजेडांत आजीचीं चाळीस चित्रें तिनें काढलीं होतीं. एकोणचाळीस हललेलीं आणि एक, तांदळाच्या डब्यावर कॅमेरा टेंकवून घेतलेलें, स्थिर. तें दाखवून झाल्यावर तिची नजर भिंतीवरील मातोश्रींच्या चित्राकडे गेली. तुळस स्पष्ट आणि चेहरा अंधुक, हें असें कां, म्हणून तिनें विचारलें. अमुक अंतराच्या अलीकडची वस्तु त्या पेटींत रेखीव येत नसे, असें आम्हीं सांगितलें.

"मग दोन पावलं मागं कां नाहीं सरकलात?" ती म्हणाली.

त्या पेटीबरोबर सूचनांचा एक कागद आला होता, त्यांत तें अंतर दिलेलें होतें. तो कागद इंग्रजींत होता, आणि आमचें इंग्रजी तेव्हां ए-बी-सी-डीच्या पलीकडे गेलेलें नव्हतें.